गोल कुठला भरलास?

2025 च्या ऑगस्टपासून माझ्या धाकट्या भावाचा एकच धोशा चालू आहे. विनू साताऱ्याच्या कोर्टात वकिली करतो. कॉलेजियमने, म्हणजे जज्ज निवडणाऱ्या वरिष्ठ जज्जांच्या मंडळाने, मुंबई हायकोर्टासाठी आरती साठे यांचं नाव सुचवलं आणि विरोधकांनी गदारोळ केला, कारण जानेवारी 2024 पर्यंत त्या भाजपच्या प्रदेश प्रवक्त्या होत्या. विनूचं म्हणणं, "ताई, काल टीव्हीवर पक्षाची बाजू मांडणारा माणूस उद्या खुर्चीत बसला, तर माझ्या पक्षकाराने विश्वास ठेवायचा कुणावर?"

मला या सोवळ्याचा वैताग येतो. जज्ज काय आभाळातून पडतात?

मी कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहते. ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्यात पंच म्हणून बसायचं, पत्र आलं की ओकलंडला लेक मेरिटकाठच्या कोर्टात जाऊन जांभया देत बसायचं. याच अलामेडा काउंटीत अर्ल वॉरन 1925 ते 1939 सरकारी वकील होता. मग राज्याचा ॲटर्नी जनरल, मग 1943 पासून दहा वर्षं गव्हर्नर. 1946 ला तर या पठ्ठ्याने रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट, दोन्ही पक्षांची प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवणारी निवडणूक, मारली. 1948 ला उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहून पडला. आणि 1953 मध्ये आयझेनहॉवरने त्याला थेट देशाचा सरन्यायाधीश केलं. त्याआधी तो एक दिवसही जज्ज नव्हता! पुढच्याच मे महिन्यात काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या, नऊ विरुद्ध शून्य. आठ अडेलतट्टू जज्जांची अशी मोट बांधायला मुरलेला राजकारणीच लागतो. गव्हर्नर असताना त्याने राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ लोकसंख्येप्रमाणे करायला विरोध केला होता, आणि 1964 मध्ये बरोबर उलटा निकाल दिला. खुर्ची माणसाला बदलते, हे मी विनूला ऐकवलं. वर आपले कृष्ण अय्यरही सुनावले: केरळच्या 1957 च्या नंबुद्रिपाद सरकारात मंत्री, 1973 पासून सुप्रीम कोर्टात, आणि कैद्याच्या साध्या पत्राला याचिका मानणारे.

"आणि बहरुल इस्लाम?" विनू म्हणाला. काँग्रेसचे खासदार, मग हायकोर्टाचे जज्ज, मग सुप्रीम कोर्टाचे, आणि 1983 मध्ये राजीनामा देऊन पुन्हा काँग्रेसचेच खासदार. "ते तुझ्या यादीत बसत नाहीत वाटतं."

नव्हतेच बसत. तसं वॉरनचंही एक मी गाळलं होतं. 1942 मध्ये जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून उचलून छावण्यांत कोंडावं म्हणून जोर लावणाऱ्यांत तो होता. इथल्याच सॅन ब्रुनोच्या बार्ट लोकलच्या स्टेशनबाहेर दोन लहान मुलींचा पुतळा आहे. शेजारच्या टॅनफोरानच्या रेसकोर्सवर तेव्हा घोड्यांच्या तबेल्यात कुटुंबं ठेवली होती. आई आली होती तेव्हा पुतळ्यापाशी थबकली. "कुणाच्या गं या पोरी?" मी म्हटलं, "असतील कुणी जपानी, चल, गाडी येईल." वॉरनने पुढे पश्चात्ताप लिहिला, पण तो छापून आला तो मेल्यावर.

विनूला मी ऐटीत हेही सांगितलं होतं की इथे काउंटीचे जज्ज आम्ही मतं देऊन निवडतो. त्याने शांतपणे विचारलं, "मग तू कसं ठरवतेस?" वाचते, माहिती काढते, म्हटलं.

साफ खोटं. टपालाने आलेली मतपत्रिका जेवणाच्या टेबलावर आठवडाभर लोणच्याच्या बरणीखाली पडून असते. वरचं सगळं भराभर होतं. जज्जांपाशी आलं की नुसतं नाव आणि खाली हुद्दा, पक्षसुद्धा नाही. मत द्यायचं तर नावापुढचा गोल भरायचा, पण तिथले बहुतेक गोल मी कोरेच सोडते. साताऱ्याच्या यादीत माझं नाव होतं तेव्हा नगरपालिकेचा उमेदवार, त्याचा चुलता, त्याची भानगड, सगळं तोंडपाठ असायचं. भारताचा पासपोर्ट जमा केला आणि ते नावही गेलं.

मागच्या खेपेला मात्र एक गोल भरला. आडनाव 'कर'ने संपत होतं. पाकीट चिकटवताना लेकीने विचारलं, "कोण आहे ही, मम्मा?"

"आपल्यातलीच असावी," मी म्हटलं.