डोहाळे खाजवायचे

गरोदर बाई दिसली की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला, "काय खावंसं वाटतंय?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढं तांबडा रस्सा असतो. मला सातव्या महिन्यात एकच डोहाळा होता, डाव्या पायाच्या करंगळीच्या बेचकीत मनसोक्त खाजवायचं. ओटी भरायला आलेल्या मावशींना हे सांगायचं कसं?

चिखल्या झाल्या होत्या. जुलै महिना, गल्लीत घोट्याएवढं पाणी आणि दोरीवरचं काहीही वाळायला तयार नाही. त्यात पाय सुजलेले. सुजलेली बोटं एकमेकांना चिकटून बसतात, मध्ये घाम साठतो. बुरशीला आणखी काय हवं? शेवटच्या दोन बोटांमधली बेचकी ही तर तिची खास आवडती जागा. घरात रोज सकाळी पेपरातली पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मोठ्यानं वाचली जायची. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. माझ्या घोट्यांनी इशारा पातळी केव्हाच ओलांडली होती, पण ती बातमी कुठल्याच पेपरात नाही.

खरी पंचाईत मध्ये आलेल्या पोटाची. पाय आपलेच आहेत एवढं खाजेवरून कळायचं. दिसत नव्हते, हाताला लागत नव्हते. त्या दिवसांत सोफ्याच्या लाकडी पायाबद्दल मला जेवढा जिव्हाळा वाटला तेवढा माणसाबद्दल वाटला नाही.

सासूबाई राधानगरीकडच्या. "मेंदी लाव की गं. रोपलावणीला आम्ही बायका मेंदीच लावायचो. उगं कशाला डॉक्टर?" शेजारच्या काकूंनी लसूण ठेचून लावायला सांगितली. ह्यांनी मेडिकलमधून 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब आणली.

डॉक्टरीणबाईंनी आधी भलतंच विचारलं, "तळहात खाजतात का? रात्री जास्त?" अंगावर पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजायला लागले तर यकृताची रक्ततपासणी करावी लागते म्हणे, कारण ते दुखणं बाळालाही जड जाऊ शकतं. माझे तळहात गप होते. मग बाईंनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली आणि ती सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. आत स्टिरॉइड होतं. त्यानं खाज तेवढी दबते आणि बुरशी खुशाल पसरते. गरोदरपणात बुरशीच्या गोळ्या टाळायच्या, म्हणून साधं क्लोट्रिमॅझोलचं मलम दिलं. बरं वाटलं तरी पुढं दोन आठवडे लावायचं. पायाचा टॉवेल वेगळा. आणि बेचक्या कोरड्या ठेवायच्या.

कोरड्या! कोल्हापुरात! जुलैत!

शेवटी लग्नात आलेला हेअर ड्रायर कामी आला. केस ओले तसेच ठेवून मी पलंगावर बसायची आणि थंड हवेचा झोत पायाच्या बोटांवर.

मलम लावायचं काम ह्यांच्याकडं. मी पोटाच्या अलीकडून हुकूम सोडायची, "करंगळीच्या शेजारी. तिथं नव्हं. अहो, दुसरा पाय!" ते चष्मा लावून खाली बसलेले असताना एकदा काकू दारात आल्या. "अगंबाई, बायकोच्या पाया पडतोय व्हय?" दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं की आमच्यात जोरदार भांडण झालं होतं आणि ह्यांनी माफी मागितली. मी खुलासा केला नाही. असल्या अफवा बायकांच्या वाट्याला वारंवार येत नाहीत.

डोहाळजेवणाला मला फुलांच्या झोपाळ्यात बसवलं. पेढा की बर्फी, सगळ्या बायका वाटीवर नजर लावून. मी पदराखाली एका पायाच्या टाचेनं दुसऱ्याची करंगळी घासत होते. फोटोत माझ्या चेहऱ्यावर कमालीचं समाधान आहे. "आईपणाचं तेज," असं सगळे म्हणतात.

मलमानं गुण आला. मी नेमानं लावत राहिले. पण मोरी एकच, पायपुसणं एकच, त्यामुळं ह्यांच्या करंगळीजवळ पांढरी साल दिसायला लागली. सासूबाईंनी बघितलं मात्र, मेंदीचं नावही काढलं नाही.

"आधी डॉक्टरकडं जा बाबा," म्हणाल्या, "असलं अंगावर काढायचं नसतं."