चमत्काराची तारीख काय?

विचित्र घटना आणि लोककथांना वाहिलेलं एखादं नियतकालिक मराठीत असावं का, हा विषय मुंबईत निघाला की वाद दोन मिनिटांत ठरलेल्या वळणावर येतो. एक बाजू म्हणते, दाभोलकरांचा खून झाला त्या राज्यात भुताखेतांना छापील पान कशाला द्यायचं? दुसरी म्हणते, कोकणातल्या आज्या गेल्या की देवचार, चकवा, गिऱ्हा, झोटिंग सगळे त्यांच्याबरोबर जातील, मग बसा हात चोळत. दोघांच्याही तोंडी ब्रिटनमधल्या ‘फॉर्टियन टाइम्स’ या अशाच मासिकाचं नाव असतं. पहिल्याला तो इशारा वाटतो, दुसऱ्याला आदर्श. ते मासिक इथे ब्रिटनमध्ये बसून वाचताना वाटतं की त्यातली घेण्यासारखी गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटली आहे, आणि जी घेऊ नये तिच्याकडेही कुणाचं लक्ष नाही.

बॉब रिकार्ड यांनी १९७३ मध्ये हे ‘द न्यूज’ या नावाने सुरू केलं आणि १९७६ मध्ये त्याला आजचं नाव दिलं. नाव चार्ल्स फोर्टवरून. हा अमेरिकन गृहस्थ (१८७४–१९३२) न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आणि पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये वर्षानुवर्षं जुनी वर्तमानपत्रं आणि विज्ञानपत्रिका चाळत बसायचा. बेडकांचा पाऊस, आकाशातले दिवे, शास्त्रज्ञांनी बाजूला सारलेल्या नोंदी, असं सगळं तो चिठ्ठ्यांवर टिपून ठेवायचा. १९१९ मध्ये त्याचं यावरचं पहिलं पुस्तक आलं. अनुमानं तो धडाधड काढायचा, पण त्यांतल्या एकावरही विश्वास ठेवायचा नाही. १९३१ मध्ये त्याच्या नावाची संस्था निघाली, तर तिचं सदस्यत्वही त्याला नको होतं.

मासिकाचा कणा आहे वाचकांची कात्रणं. कात्रण पाठवायचं तर त्यावर स्रोत, तारीख आणि आपलं नाव लिहायचं, अशी वाचकांना सूचना असते. माझ्या मते मराठीत आणायची गोष्ट ही रुक्ष सूचना आहे. भुतं आपल्याकडे भरपूर आहेत.

तारखेचं महत्त्व एका उदाहरणातून कळतं. वेल्श लेखक आर्थर मॅकन याची एक काल्पनिक कथा २९ सप्टेंबर १९१४ रोजी लंडनच्या ‘इव्हनिंग न्यूज’मध्ये आली. युद्धात सापडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या मदतीला जुन्या काळातले धनुर्धर धावून येतात, अशी. पुढच्या वर्षी मॉन्सच्या लढाईत देवदूत दिसल्याच्या ‘खऱ्या’ हकिगती फिरू लागल्या. मॅकन सांगत राहिला की हे मी रचलं आहे, ऐकतो कोण! आज निवाडा करता येतो तो केवळ छापील तारखांच्या क्रमामुळे. आपल्याकडच्या फॉरवर्डला तारीखच नसते. शिवाय एकाच वृत्तसंस्थेची बातमी पाच पेपरांत आली की संग्राहक पाच घटना मोजतो, आणि मुंबई आवृत्तीतला मजकूर कोकणात जाणाऱ्या आवृत्तीपेक्षा वेगळा असू शकतो हे विसरतो. कात्रणावर पेपरचं नाव, आवृत्ती, पान आणि तारीख या चारही गोष्टी नसतील तर ते रद्दीत टाकलेलं बरं.

आता २१ सप्टेंबर १९९५ घ्या. गणपती दूध पितो ही बातमी दिल्लीकडून निघाली आणि त्याच दिवशी मुंबईतल्या देवळांपासून लंडनच्या साउथॉलपर्यंत पोचली. त्यावरचं उत्तर आता शाळकरी मुलालाही पाठ आहे: पृष्ठताण. पण प्रयोग नीट करून दाखवणारे कमी. काठोकाठ भरलेला पाच मिलिलिटरचा चमचा किंचित कलवून दूध सोंडेला टेकवायचं. टेकलं की दूध चमच्याच्या कडेवरून ओढलं जातं आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ पापुद्र्यासारखं खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर ते दिसत नाही, म्हणून दुधात रंग घालायचा. सरकारी शास्त्रज्ञांनी तेव्हा तेच केलं होतं. प्रयोग फसतो तो तीन कारणांनी: चमचा काठोकाठ भरलेला नसतो, मूर्ती तेलकट असते, किंवा हात थरथरल्याने दूध एकदम सांडतं. मग प्रेक्षकांतून कुणीतरी म्हणतो, बघा, तुमच्या हातून नाही प्यायला.

‘मग एवढं दूध गेलं कुठे?’ हा भाविकाचा प्रश्नही टाकाऊ नाही. दोनशे चमचे म्हणजे एक लिटर. एक लिटर दूध दहा चौरस मीटर फरशीवर पसरलं तर थर होतो मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका. ओल्या, हळदकुंकवाने माखलेल्या गाभाऱ्यात तो कुणाच्या लक्षात येणार? असं उत्तर दिलं की माणूस ऐकतो. ‘अडाणी आहात’ म्हटलं की तो दुसरा चमचा भरतो.

माहीमचं प्रकरण याहून सरस, कारण तिथे चव खरीच बदलली होती. १८ ऑगस्ट २००६ च्या रात्री माहीमच्या खाडीचं पाणी गोड झाल्याची बोंब उठली. माणसं बाटल्या भरून नेऊ लागली, पाण्यात कचरा तरंगत असतानाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाने पिऊ नका म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी पुन्हा खारट. स्पष्टीकरणं मात्र दोन पुढे आली. पालिकेचा रोख मिठी नदीच्या पुरावर होता. आयआयटीचे भूवैज्ञानिक म्हणाले, पावसाळ्यात खडकांच्या थरांत साठलेलं गोडं पाणी बाहेर पडून समुद्रावर तरंगलं असावं. दोन्हींचं मूळ तत्त्व एकच: समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा दोन-अडीच टक्के जड असतं, त्यामुळे वारा-लाट नसेल तर गोडं पाणी वर थर धरून राहतं. पण पाणी नदीचं की जमिनीखालचं? ते ठरवायचं तर पृष्ठभाग, एक मीटर आणि दोन मीटर खोलीवरचे नमुने हवेत, दर दोन तासांनी, भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाशी ताडून, आणि नदीच्या मुखापासून वेगवेगळ्या अंतरांवर. लोकांनी भरून नेलेल्या बाटल्यांवर वेळ आणि जागा लिहिलेली असती तर तोही पुरावाच होता! वाद मात्र पीरबाबाची कृपा की मूर्खपणा एवढ्यावरच झाला. चव बदलली होती म्हणणारा माणूस खोटं बोलत नव्हता, हे कबूल करायला बुद्धिवाद्यांना जड गेलं.

मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्याच्या इर्ला भागातल्या वेलंकणी चर्चजवळच्या क्रूसातून पाणी ठिबकू लागलं. बुद्धिवादी सनल एडमरुकू यांनी पाहणी केली आणि जवळच्या प्रसाधनगृहाचा निचरा तुंबून पाणी केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांतून आपोआप ओढलं जाऊन, भिंतीतून चढल्याचं सांगितलं. हे तपासता येतं. गटारात रंग टाकायचा, पुरवठा बंद करायचा, एक-दोन दिवस थांबायचं आणि ओलीची रेघ वर सरकते की उतरते ते खुणा करून पाहायचं. पण टीव्हीच्या चर्चेत नळकामाचं हे निदान आणि चर्चने चमत्कारांचा बाजार मांडल्याची टीका एका दमात झाली. धार्मिक भावना दुखावण्याबाबतच्या भारतीय दंडविधानाच्या २९५-अ कलमाखाली तक्रारी दाखल झाल्या आणि त्याच वर्षी एडमरुकू फिनलंडला निघून गेले. ते कलम आता भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने आहे. पाईप तुंबला आहे एवढं म्हटल्यावर देश सोडावा लागू नये, यावर माझं मत पक्कं आहे. पण पाईपाबद्दलचं वाक्य आणि पाद्र्याबद्दलचं वाक्य वेगळ्या कागदावर लिहावं, यावरही.

इथल्या मंडळींना हे ऐकून हसू येतं, आणि त्या हसण्याचा मला राग येतो. ब्रिटनमध्ये १७३५ च्या जादूटोणा कायद्याखाली १९४४ मध्येसुद्धा हेलन डंकन या माध्यम म्हणवणाऱ्या बाईला शिक्षा झाली. तो कायदा १९५१ मध्ये गेला, त्याच्या जागी भोंदू माध्यमांविरुद्धचा कायदा आला, तोही २००८ मध्ये ग्राहक-संरक्षणाच्या नियमांत विरून गेला. इंग्लंड-वेल्समधला ईशनिंदेचा गुन्हाही २००८ मध्येच रद्द झाला. म्हणजे ही मोकळीक अगदी अलीकडची. आणि २०१० च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलावर चेटूक करतो असा आरोप ठेवून घरच्यांनीच त्याला छळून मारलं. त्यानंतर २०१२ मध्ये अशा अत्याचारांविरुद्ध सरकारला राष्ट्रीय कृती आराखडा काढावा लागला. ‘विश्वासही नको, अविश्वासही नको’ ही फोर्टची बैठक चहाच्या टेबलावर शोभते. त्या मुलाच्या घरी ती कामाची नव्हती.

महाराष्ट्रात तर मुळीच नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच भटक्या गोसाव्यांना जमावाने ठार केलं. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात तशाच अफवांच्या हवेत तिघांचा जीव गेला. लोककथेचा अभ्यासक या अफवेची वंशावळ काढू शकेल, पण ती फिरत असताना ‘वाचकांचे अनुभव’ म्हणून छापणारा संपादक गुन्ह्यात वाटेकरी होतो. म्हणून मराठी नियतकालिकाला इथल्यापेक्षा कडक उंबरठा लागेल. हयात माणसावर चेटकाचा आरोप असलेली हकिगत येणार नाही. पैसे घेऊन उपाय करणाऱ्याचं नाव-गाव येणार नाही, ती माहिती अंधश्रद्धा निर्मूलन समितीकडे किंवा पोलिसांकडे जाईल. विंचू-साप चावल्यावर मंत्राने बरं झाल्याची हकिगत दवाखान्याच्या कागदाशिवाय घ्यायची नाही.

जादूटोणाविरोधी कायद्याची भीती मात्र उगाच घातली जाते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, आठवडाभरात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं, सर्पदंशावर औषधोपचार रोखणं, हे सगळं त्याच्या अनुसूचीत आहे. आणि त्याच कायद्यात कीर्तन, प्रवचन, वारी, दिवंगत संतांच्या चमत्कारांचं कथन यांना मोकळीक आहे. गोष्ट सांगणं हा गुन्हा नाही, गोष्टीच्या आडून लुबाडणं आणि मारणं हा आहे. कायदा लिहिणाऱ्यांना जो फरक कळला तो आपल्या वादपटूंना का कळू नये?

शिस्तीसाठी लंडनकडे पाहायचीही गरज नाही. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, ज्याला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या, त्याने गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती मागवली होती. ती एन्थोव्हेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने संपादित केली आणि कोकणचा भाग १९१५ मध्ये मुंबईत छापला गेला. त्यात समजुतीखाली कुठल्या गावच्या मास्तरने कळवली हे दिलेलं आहे. शंभराहून अधिक वर्षांनी आजही त्या गावी जाऊन विचारता येतं, यापेक्षा वेगळी कमाई ती काय? दोषही ढळढळीत आहेत. सर्वांना छापील प्रश्न एकच, त्यामुळे ‘तुमच्याकडे अमुक भूत मानतात का’ म्हटल्यावर हो म्हणणं सोपं. कलेक्टरला खूश ठेवायचं हेही आलंच. आणि मास्तरला कुणी सांगितलं, बाई की पुरुष, कुठल्या वाडीतली, हे गायब.

आज नोंद करायची तर प्रश्नात भुताचं नाव घ्यायचं नाही. ‘त्या रात्री काय झालं?’ एवढंच विचारायचं आणि गप्प राहायचं. बोललेलं मालवणी, आगरी, वाडवळी जसं आहे तसं ठेवायचं. सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं, पाहणाऱ्याकडून ऐकलं, की ‘गावात म्हणतात’, हे समासात लिहायचं. बहुतेक सगळं तिसऱ्या प्रतीचं निघेल, निघू दे. तिथीही हवी, आणि ती धार्मिक कारणासाठी नव्हे. चकवा लागला म्हणजे माणूस रात्रभर त्याच शेतात फिरत राहतो. २००९ मध्ये जर्मन संशोधकांनी जंगलात आणि सहारात माणसं चालवून पाहिली, तर सूर्य किंवा चंद्र दिसेनासा झाला की ती खरोखरच गोल फिरू लागली. आता चकव्याच्या पन्नास हकिगतींवर तिथी आणि आभाळाची स्थिती लिहिलेली असेल तर अमावास्येचा आणि ढगाळ रात्रींचा वाटा मोजता येईल. आजीचं ‘अवसेला बाहेर पडू नको’ हे त्या आकड्यांवर तपासता येईल. खरं ठरेल की नाही ते नंतर बघू.

आरे कॉलनीतल्या पांढऱ्या साडीवालीचंही तसंच. गाडीत बसून नाहीशी होणाऱ्या प्रवाशांच्या ७९ हकिगती अमेरिकेत १९४२ च्या सुमारास बिअर्ड्सली आणि हँकी यांनी चार गटांत लावल्या होत्या. आरेची बाई कुठल्या गटात बसते हे ठरवायचं तर कुठलं वळण, गाडी गोरेगावकडे चालली होती की पवईकडे, ती बोलली का, हे लागतं. कुणी विचारत नाही.

सुरुवात १९९५ पासून करावी. त्या दिवशी मोबाइल जवळपास नव्हते, बातमी एसटीडीवरून आणि वाणसामानाच्या दुकानातल्या फोनवरून फिरली. तेव्हा विशीत असलेले मुंबईकर आज पन्नाशीत आहेत आणि त्यांना आठवतं. कुणाचा फोन आला, कुठून, किती वाजता, आणि तुम्ही पुढे कुणाला केलात, हे चार प्रश्न गिरगाव, लालबाग, दादर, पार्ल्यातल्या शे-दोनशे जणांना विचारून २१ आणि २२ सप्टेंबरच्या पेपरांशी ताडले, तर अफवा या शहरात कुठल्या वाटेने शिरली याचा नकाशा निघेल. पहिल्या अंकाला तेवढा मजकूर पुरतो.