आरे-वारेचा चढ आणि माझे २५ किलोमीटर

नमस्कार,

प्रतिक्रियेखाली तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून नुसताच नमस्कार. तुमचं म्हणणं बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. सुट्टीतल्या सायकलींबद्दलचा माझा लेख वाचून तुम्ही गणपतीपुळ्याला मुक्काम केलात. सकाळी उशिरा निघून बायको आणि चौदा वर्षांच्या मुलीबरोबर आरे-वारेमार्गे रत्नागिरीला गेलात. दुपारी परत येताना वारेच्या चढावर मुलगी सायकल आडवी टाकून रस्त्याकडेला बसली ती उठेचना. मी लिहिलं होतं, 'समुद्राकाठचा २५ किलोमीटरचा रमणीय रस्ता'. तुमच्या मोजणीत समुद्र धड दिसला तीन ठिकाणी, आणि घड्याळानं एका बाजूचा चढ दाखवला ४०० मीटरच्या वर. यापेक्षा निवळीवरून महामार्गानं गेलो असतो तर बरं, आणि लेखिकेनं हा रस्ता गाडीच्या काचेतून पाहिला असावा, असं तुम्ही लिहिलंत.

काचेचं सोडून देते. चढाचं मात्र खरं आहे. मी रत्नागिरीतच वाढले, त्या रस्त्यानं इतक्यांदा गेले आहे की साखरतरचा पूल गेला की कुठला गियर टाकायचा हे पायांनाच कळतं. चढ मोजायचं सुचलंच नाही. 'रमणीय' हा शब्द तर कुठल्याही हॉटेलच्या पाटीवर असतो, तो मी लिहायला नको होता.

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, हा समज कोकणात पहिल्याच दिवशी मोडतो. सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना खाडी करते, आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, उभा असतो. गाव खाली, माडा-पोफळीच्या आगरात, पुळणीला म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला लागून. रस्त्याला एका गावातून दुसऱ्या गावात जायचं तर सड्यावर चढायचं, पलीकडे उतरायचं, पूल ओलांडायचा आणि पुन्हा चढायचं. रत्नागिरीच्या दक्षिणेला बघा: भाट्याचा पूल ओलांडला की गोळपचा सडा, मग पावसला खाली, पुढे पूर्णगडची खाडी. नकाशावर हे सगळं एका बोटाच्या पेराएवढं दिसतं. त्यामुळे इथे रस्ता निवडताना किलोमीटरच्या आधी खाड्या मोजायच्या.

हिशोबच हवा असेल तर माझा ढोबळ हिशोब देते. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर १०० मीटर चढायला लागणारी ताकद साध्या वेगानं सपाटीवर पाचेक किलोमीटर जाण्याएवढी होते. म्हणजे तुमचे ४०० मीटर म्हणजे आणखी २० किलोमीटर, आणि माझे २५ झाले ४५. तेसुद्धा एका बाजूचे. उतारावर यातलं थोडं परत मिळायला हवं, पण आपल्या रस्त्यांवर ते ब्रेकमध्येच जातं. वळणावर जांभ्याची बारीक खडी पसरलेली असते, तिथे सोडून देण्याची हिंमत मी तरी करत नाही.

महामार्गाबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. ६६ नंबरचा रस्ता महाड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर असा आतून जातो. परशुराम घाटातून वाशिष्ठी दिसते, समुद्र नाही. रुंदीचं म्हणाल तर रुंद रस्त्यावर कंटेनरही त्याच मानानं सुटतात, आणि निवळीवरून गणपतीपुळं लांबही पडतं. सुट्टीतल्या सकाळी चौदा वर्षांच्या मुलीला तिथे नेऊ नका, एवढंच म्हणेन.

आता तुमच्या प्रतिक्रियेत एका ओळीत येऊन गेलेली, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट: परतीचा वारा. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत आपल्याकडे पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे, तोही हलका. अकराच्या सुमारास तो पडतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो, तो चांगलाच जोरात. तुम्ही सकाळी दक्षिणेला गेलात आणि दुपारी उत्तरेला वळलात, म्हणजे दमलेल्या पायांनी वाऱ्याच्या तोंडावर. लेकीनं सायकल टाकली ती चढामुळे जेवढी, तेवढीच या वाऱ्यामुळे.

यात आणखी एक गंमत आहे. आपण डावीकडून चालवतो, म्हणून उत्तरेला जाताना समुद्राची बाजू आपली, आणि दक्षिणेला जाताना मध्ये समोरून येणाऱ्या गाड्या. मुक्काम दक्षिणेच्या टोकाला केला तर दोन्ही साधतं. उजाडताच उत्तरेला निघायचं, समुद्र डाव्या हाताला, वारा जवळजवळ नाहीच. परतताना वारा पाठीत. तुम्ही रत्नागिरीत राहून सकाळी गणपतीपुळं गाठलं असतं, तर चढ तेवढेच लागले असते, पण शिव्या कमी पडल्या असत्या. हे मूळ लेखात नव्हतं. लिहायला हवं होतं.

याच हिशोबानं पुढच्या खेपेला श्रीवर्धनला राहा, दिवेआगरला नको. श्रीवर्धनहून शेखाडीवरून दिवेआगर वीसेक किलोमीटर आहे. चढ आहेत, पण लहान, आणि मधला बराच रस्ता खरोखरच समुद्राला खेटून जातो. किनाऱ्याचा रस्ता म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे आलं असेल, ते तिथे मिळेल. अगदीच सपाट हवं तर मालवणहून तारकर्ली-देवबाग. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये जमिनीची पट्टी. चढ नावाला नाही. पण समुद्र घरांच्या आणि माडांच्या आड असतो आणि शनिवार-रविवारी त्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुन्हा प्रतिक्रिया येईल.

दापोलीबद्दल विचारलंत. दापोली आहे सुमारे आठशे फुटांवर, आणि मुरूड, कर्दे, हर्णै खाली समुद्राला. दापोलीत राहून खाली उतरायची चूक मी स्वतः केली आहे. सकाळी गार हवेत पेडल न मारता मुरूडला पोचले, पोहले, सुरमईची थाळी आणि दोन वाट्या सोलकढी झाली. मग वर बघितलं. मासळीच्या टेम्पोतून सायकलसकट परत आले आणि आठवडाभर हँडलला बांगड्यांचा वास येत होता. तिकडे मुक्काम खालीच करा आणि कर्दे, मुरूड, हर्णै, पुलावरून आंजर्ले एवढ्यातच फिरा. रोज नवं गाव गाठायचा हट्ट नसेल तर चार दिवस पुरतं.

गाव बदलायचंच असेल तर जंगलजेट्टीचा, म्हणजे खाडी ओलांडून गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीचा, फायदा घ्या. वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, तिन्हीकडे सायकल चढवता येते. दाभोळहून गुहागरला फेरीशिवाय जायचं तर चिपळूणचा वळसा पडतो. फक्त एक, धक्का खाडीच्या पातळीवर असतो, म्हणून बोटीतून उतरलं की समोर चढ ठरलेलाच. बोटीवरच पाणी पिऊन घ्या.

लेखात आजच चढाचा आकडा तुमच्या घड्याळाप्रमाणे टाकला आहे आणि वाऱ्याबद्दल परिच्छेद जोडला आहे.

लेकीच्या सायकलचं राहिलं. तुम्ही लिहिलंय तिला पुढे एकच चक्र आहे. मागचं सगळ्यात मोठं चक्र २८ दात्यांचं असेल, तर ३४ चं बसवून घ्या, चढ हलका जाईल. जुना डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तेवढं पेलतो का, हे दुकानदाराला आधी विचारा. चेन थोडी लांब लागेल.