चलान भरण्याआधी ते उघडून वाचा

ई-चलानचा मेसेज आला की घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं: "जाऊ दे, पाचशेच रुपये आहेत, भरून टाक." फोटो उघडून बघणारे थोडे. कोणतं कलम लावलंय, जागा कोणती लिहिलीय, वेळ कोणती, हे तपासणारे त्याहून थोडे. गेली काही वर्षं मी सोसायटीतल्या आणि नात्यातल्या लोकांची चलानं बघून देते. वकील नाही, पण कायदा वाचायचा कंटाळा नाही, म्हणून लोक फोन करतात. त्यातून एक मत पक्कं झालं आहे, ते आज सविस्तर लिहिते.

ई-चलान हा पोलिसांनी केलेला आरोप आहे. निकाल देण्याचा अधिकार न्यायालयाचा. आपण पैसे भरतो तेव्हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० खाली तडजोड करतो, म्हणजे खटला न लढता प्रकरण मिटवतो. चूक आपली असेल तर हा मार्ग चांगलाच आहे, वेळ वाचतो. पण २०१९ च्या दुरुस्तीने या कलमात एक गोष्ट घातली, ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. तडजोड केलेला गुन्हाही "आधीचा गुन्हा" म्हणून धरला जातो. आज न केलेल्या चुकीची पावती गुपचूप फाडलीत आणि पुढे खरंच तीच चूक झाली, तर ती दुसरी ठरू शकते. कलम १७७ मध्ये पहिल्या वेळी ५०० रुपये आहेत आणि त्यानंतर १५००. सिग्नल तोडणं किंवा गाडी चालवताना फोन हातात धरणं, हे २०१९ पासून कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. तिथे तर कैदेचीही तरतूद आहे. म्हणून "पाचशेच तर आहेत" हा हिशोब मला पटत नाही.

चुका कशा होतात तेही सांगते. ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांना हेल्मेट न घातल्याचं चलान आलं. त्यांच्याकडे दुचाकीच नाही, आहे ती जुनी चारचाकी. फोटो उघडला तर कुणाची तरी स्कूटर, आणि नंबरात एक अक्षर वेगळं. कॅमेऱ्याला किंवा कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाला इंग्रजी बी आणि आठ, डी आणि शून्य सारखे दिसू शकतात. प्लेट मळलेली असली, फॅन्सी आकड्यांत असली, तर आणखीच. त्या सरांनी तोवर दोन वेळा पैसे भरले होते, कारण "सरकारी मेसेज आहे, खोटा कशाला असेल". मला या वाक्याचं वाईट वाटलं. आयुष्यभर मुलांना उत्तरपत्रिका तपासून देणारा माणूस स्वतःवरचा आरोप तपासायला कचरतो, कारण समोर सरकार आहे.

दुसरा प्रकार गंभीर आहे. आपलाच नंबर लावून दुसरी गाडी फिरत असते. फोटोतल्या गाडीचं मॉडेल, रंग, आरसा, बंपरवरचा ओरखडा, काचेवरचा स्टिकर, सगळं आपल्या गाडीशी ताडून बघा. फरक दिसला तर चलानवर तक्रार करून थांबू नका, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. उद्या त्या गाडीने अपघात केला तर पोलीस आधी तुमच्या दारात येणार.

तिसरा प्रकार विकलेल्या गाडीचा. गाडी दिली, पैसे घेतले, आणि आरसीवर नाव बदललंच नाही. कायद्याच्या लेखी मालक तोच, ज्याच्या नावावर नोंदणी आहे. अपघाताच्या भरपाईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे अगदी स्पष्ट सांगितलं आहे. इथे लढण्यासारखं फारसं हातात राहत नाही, म्हणून नाव हस्तांतर झाल्याशिवाय स्वस्थ बसू नका.

आता कॅमेऱ्यांबद्दल. २०१९ मध्ये कायद्यात कलम १३६अ आलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७अ घातला गेला. हा नियम प्रत्येक गाडीवाल्याने एकदा तरी वाचावा. स्पीड कॅमेरा, सीसीटीव्ही, स्पीड गन, पोलिसाच्या अंगावरचा कॅमेरा, डॅशबोर्डवरचा कॅमेरा, नंबर प्लेट वाचणारी यंत्रणा ही सगळी साधनं त्यात येतात. या साधनाला मान्यता प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं. कॅमेऱ्याने लक्ष ठेवलं जात आहे, असा फलक त्या रस्त्यावर ठळकपणे हवा. चलानसोबत गुन्हा आणि नंबर प्लेट दोन्ही स्पष्ट दिसणारा फोटो हवा, यंत्राने मोजलेला आकडा हवा, तारीख, वेळ आणि ठिकाण हवं, कोणतं कलम मोडलं ते हवं, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. हे प्रमाणपत्र पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली येत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आणि त्यात ते कलम ६३ खाली आलं. गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत द्यायची असंही २०२१ च्या त्या नियमात लिहिलं आहे.

हे वाचून मग तुमचं चलान उघडा. अर्धवट दिसणारी प्लेट, मागून काढलेला धूसर फोटो, "ठिकाण" या रकान्यात नुसतं चौकाचं नाव, आणि बाकी काही नाही, अशी चलानं मी पाहिली आहेत. पोलिसाने स्वतःच्या खाजगी मोबाईलवर फोटो काढायचा आणि सवडीने चलान टाकायचं, हा प्रकार इतका वाढला की राज्यात वरिष्ठांना तो बंद करण्याचे आदेश काढावे लागले. नियम सरकारने केला आहे, तर तो आधी सरकारने पाळावा, ही अपेक्षा अवाजवी आहे का?

वेगाच्या चलानात तर यंत्र हाच मुख्य साक्षीदार. कलम १८३ मध्ये एक जुनं, सुंदर पोटकलम आहे: एका साक्षीदाराच्या नुसत्या मतावर कुणालाही जास्त वेगासाठी दोषी ठरवता येत नाही, ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाच्या मोजमापावर आधारलेलं असावं लागतं. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाच माहीत होतं की डोळ्यांनी वेग मोजता येत नाही. मग ते साधन बरोबर मोजतं का, हे कोण बघणार? भाजीवाल्याच्या काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का लागतो, तसाच तो रडारवरही लागावा, इतकी साधी ही गोष्ट आहे. २०२५ मध्ये केंद्राने वैधमापनाच्या नियमांत वाहनांचा वेग मोजणाऱ्या रडारचा समावेश केला आणि पडताळणी बंधनकारक केली. त्यामुळे वेगाच्या चलानावर शंका असेल तर यंत्राच्या पडताळणीचं प्रमाणपत्र मागा. माहिती अधिकाराच्या अर्जाला केंद्र आणि राज्य दोन्हीकडे दहा रुपये लागतात. अर्जात यंत्राचा क्रमांक, शेवटच्या पडताळणीची तारीख आणि त्या जागेची वेगमर्यादा ठरवणारी अधिसूचना, इतकंच विचारा. लांबलचक तक्रार लिहू नका.

वेगमर्यादेचा गोंधळ खरा आहे, हे मी मान्य करते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर सपाट भागात गाड्यांना १०० आणि घाटात ६०. उतारावर गाडी आपोआप वेग घेते आणि कॅमेरा तिथेच. पण यावर "घाटातली मर्यादाच चुकीची आहे" हा युक्तिवाद न्यायालयात टिकणार नाही. मर्यादा किती असावी हा धोरणाचा प्रश्न आहे. फलक त्या दिवशी तिथे होता का, झाडाच्या फांदीमागे झाकला होता का, हा पुराव्याचा प्रश्न आहे. फलक दिसत नसेल तर शक्य तितक्या लवकर सोबत असलेल्या माणसाकडून किंवा डॅशकॅमने त्याचं चित्रण करून ठेवा. स्वतः गाडी चालवताना फोन काढू नका, आणि द्रुतगती मार्गावर फोटोसाठी थांबू तर अजिबात नका.

प्रत्यक्ष लढायचं कसं? महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान फोटोसह दिसतं. तिथेच तक्रारीची सोय आहे. व्हॉट्सॲपवर आलेली "आरटीओ चलान" नावाची फाइल मात्र कधीही उघडू नका. तो पैसे लुबाडण्याचा सापळा असतो, आणि त्याने कित्येकांची बँक खाती रिकामी झाली आहेत. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता जीओव्ही डॉट इनने संपतो, तो स्वतः टाइप करा.

तक्रारीत चार-पाच ओळी पुरतात. गाडीचे समोरून आणि मागून फोटो, आरसीची प्रत, आणि त्या वेळी गाडी दुसरीकडे होती याचा पुरावा. फास्टॅगची नोंद, पार्किंगची पावती, गॅरेजचं जॉबकार्ड, सोसायटीच्या गेटचं चित्रण, यातलं काहीही चालतं. गेटचं चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं, म्हणून मेसेज आला त्याच दिवशी सेक्रेटरींना सांगा. गाडी दुसरं कुणी चालवत होतं तर ते लपवू नका. कलम १३३ नुसार मागणी झाल्यावर चालकाची माहिती देणं मालकाचं कर्तव्यच आहे. आणि चलानवरची मुदत नीट वाचा. नियम बदलत असतात, मुदती कडक होत चालल्या आहेत, गप्प बसणं म्हणजे कबुली असं धरलं जाण्याकडे सगळा कल आहे.

तक्रार फेटाळली गेली तर पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांचं न्यायालय. तिथे "गुन्हा कबूल नाही" म्हणता येतं आणि मग सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची. इथे लोकांची एक मोठी गल्लत होते. लोकअदालतीची नोटीस आली की त्यांना वाटतं, तिथे जाऊन आपली बाजू मांडू. लोकअदालत तडजोडीसाठी असते. तिथे कोण खरं कोण खोटं हे ठरत नाही आणि तिच्या निवाड्यावर अपील नाही. चूक तुमची असेल, रक्कम मिटवायची असेल तर जरूर जा. चूक तुमची नसेल तर तिथे सही करण्यापूर्वी दोनदा विचार करा. आणखी एक: फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यायची, अशी मुदत पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४६८ मध्ये होती, आता ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. न्यायालय विलंब माफ करू शकतं, पण तीन-चार वर्षांपूर्वीच्या चलानाची यादी अचानक समोर आली तर हा मुद्दा वकिलाकडे नक्की काढा.

आता दुसरी बाजू, आणि ती मला तितक्याच कळकळीने सांगायची आहे. माझ्याकडे येणाऱ्या चलानांपैकी बरीचशी बरोबर असतात. "सगळेच जात होते." "पोलीस झाडाआड उभा होता." "दूध आणायलाच तर गेलो होतो, हेल्मेट कशाला?" यातलं एकही कारण बचाव होत नाही. अशांना मी सरळ सांगते, भरा. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, आणि त्यातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंमागे अतिवेग नोंदवला गेला. हे सरकारी आकडे आहेत. कॅमेरे नकोत, असं मी म्हणूच शकत नाही.

आणि कायदा माहीत नसण्याचं प्रमाण बघून घाबरायला होतं. मोटार वाहन चालन विनियम २०१७ पासून लागू आहेत, किती चालकांनी त्यांचं नाव ऐकलं असेल? गोल चौकात आधीपासून फिरत असलेल्या गाडीला पहिला हक्क. सिग्नल नसलेल्या, सारख्या महत्त्वाच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. चढणाऱ्या गाडीसाठी उतरणाऱ्याने थांबायचं. आपल्याकडे मात्र जो आधी नाक घुसवेल त्याचा रस्ता. लायसन्सच्या परीक्षेपुरत्या चार खुणा पाठ केल्या की पुढची चाळीस वर्षं कुणी पुस्तक उघडत नाही, आणि मग चलान आलं की एकदम हक्कांची आठवण होते. हक्क मागायचे तर नियमही तेवढेच वाचले पाहिजेत.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो रिक्षावाल्यांचा आणि डिलिव्हरीच्या मुलांचा विचार करून. चुकीचं चलान त्यांच्यावर आलं तर तक्रार लिहायला वेळ नाही, न्यायालयात जायचं तर त्या दिवसाची कमाई गेली. तो मुलगा पैसे भरतो, कारण लढणं दंडापेक्षा महाग पडतं. त्याने भरले म्हणजे तो दोषी होता असा अर्थ नोंदीत राहतो. ही अडचण सोडवणं अवघड नाही. चलानच्या पानावरच यंत्राचा क्रमांक, पडताळणीची तारीख, त्या जागेच्या फलकाचा फोटो आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडा. तक्रार फेटाळताना "अमान्य" एवढा एक शब्द न लिहिता कारण लिहा. सुनावणी व्हिडिओवर घ्या, संध्याकाळी घ्या. लाखो गाड्यांचे फोटो काढून मेसेज पाठवणारी यंत्रणा उभी राहते, तर तीच यंत्रणा एवढंही करू शकते. परिवहन खात्याला आणि वाहतूक पोलिसांना मी हे लेखी पाठवलं आहे. तुम्हीही पाठवा, आणि तुमच्या तक्रारीला कारण न देता नकार आला असेल तर त्या उत्तराचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. न्यायालयात उभं राहायची वेळ आली तर तोही दाखवता येईल.