टाकीचा गंज, ॲसिड आणि अर्ध्या तासाचा दावा

जुन्या दुचाकी पुन्हा चालत्या करणाऱ्या मंडळींमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: गंजलेल्या पेट्रोलच्या टाकीत संडास साफ करण्याचे ॲसिड ओता, मूठभर नट टाकून झाकण घट्ट लावा, अर्धा तास हलवा, साध्या पाण्याने धुऊन पेट्रोल भरा, मराठवाड्याची हवा कोरडी असल्याने टाकी पुन्हा गंजणार नाही. जालन्यात मी लुना, एम-80 आणि राजदूत जीटीएस 175, म्हणजे 1973 च्या चित्रपटानंतर जिला लोक ‘बॉबी’ म्हणू लागले ती छोटेखानी गाडी, यांच्या टाक्या दुरुस्त करत आलो आहे. हा उपाय करून नासलेल्या टाक्या माझ्याकडे येतात आणि बॉबीची टाकी गेली तर दुसरी शोधता शोधता वर्ष निघून जाते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिला दावा ॲसिडचा. संडासाच्या ॲसिडमधले हायड्रोक्लोरिक ॲसिड गंज झपाट्याने विरघळवते, याबद्दल वाद नाही. मात्र गंज संपला म्हणून ते थांबत नाही. उघड्या पडलेल्या पत्र्यावर त्याची क्रिया चालूच राहते आणि हायड्रोजन वायू सुटतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने वर्षानुवर्षे तळाशी साचलेले असते, त्यामुळे तळाच्या जोडाजवळचा पत्रा आधीच कुरतडलेला असतो आणि ॲसिडचा घाव नेमका तिथे जिव्हारी लागतो. मागच्या उन्हाळ्यात अशीच एका बॉबीची टाकी आली. बाजूंचा मूळ रंग शाबूत होता, पण तळाला रंगाचे चार फुगे आले होते; नखाने खरवडले तेव्हा प्रत्येक फुग्याखाली खसखशीच्या दाण्याएवढे आरपार भोक निघाले.

झाकण घट्ट लावण्याचा सल्ला तर सरळसरळ धोक्याचा आहे. आत वायूचा दाब वाढतो, झाकण उघडताच ॲसिड तोंडावर उडू शकते, आणि टाकीत पेट्रोलची वाफ उरलेली असेल तर जवळची एक ठिणगीही पुरते. शिवाय ॲसिडची वाफ बंद खोलीत कोंडली, तर तिथल्या पान्यांवर आणि पकडींवरही एका रात्रीत तांबूस थर चढतो.

नटांनी सुटा गंज निघतो, हे मान्य. पण एखादा नट कोपऱ्यात अडकला तर तो काढताना जीव मेटाकुटीला येतो. त्यापेक्षा तारेला बांधलेली बारीक साखळी वापरावी. ती हमखास बाहेर येते.

साध्या पाण्याने धुण्याच्या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त हरकत आहे. ॲसिडने नागडा झालेला पत्रा ओला राहिला तर काही मिनिटांतच नारिंगी पडतो. ॲसिडमधले क्लोराइड आत राहिले तर ते गंजाला खतपाणीच घालते. खायचा सोडा टाकला की ॲसिड मरते, परंतु क्लोराइड क्षाराच्या रूपाने शिल्लक राहते आणि ते वारंवार खंगाळूनच जाते. आपल्याकडचे बोअरचे पाणी मुळातच क्षारयुक्त, म्हणून शेवटचे खंगाळणे बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने करावे, टाकी लगेच गरम हवेने किंवा एप्रिलच्या उन्हात खडखडीत वाळवावी आणि आत टू-स्ट्रोक ऑइल फिरवून घ्यावे.

कोरड्या हवेचा आधारही टिकत नाही. हिवाळ्यात इथे दुपार तापते आणि पहाट गारठते. अर्धी रिकामी टाकी या चढउताराबरोबर हवा आत-बाहेर करते आणि त्या हवेतला दमट अंश थंड पत्र्यावर थेंब होऊन बसतो. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल-पाण्याचा वेगळा थर तळाशी बसतो. उभ्या गाडीची टाकी म्हणूनच तळातून जाते.

मग करावे काय? टाकी साबणाच्या गरम पाण्याने धुऊन पेट्रोलचा वास पूर्ण घालवावा, कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, काढून भोक बंद करावे, आणि लिटरमागे 50 ते 100 ग्रॅम लिंबूसत्त्व कोमट पाण्यात मिसळून टाकी काठोकाठ भरावी. झाकण सैल ठेवावे. काम रात्रभर किंवा दिवसभर चालते. मधूनमधून डोकवावे, कारण फार काळ ठेवले तर लिंबूसत्त्वही पत्र्याला लागते. पत्रा फारच पातळ असेल तर मी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेची पद्धत वापरतो: 12 व्होल्टच्या चार्जरची ऋण तार टाकीला, धन तार तोंडातून आत सोडलेल्या साध्या लोखंडी सळईला. जालन्यात सळईचा तुकडा कुठेही मिळतो. स्टेनलेस स्टील मात्र वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. सळई टाकीला टेकता कामा नये, आणि इथेही हायड्रोजन सुटतो, म्हणून हे काम उघड्यावरच करावे. या पद्धतीत चांगला पत्रा खाल्ला जात नाही, पण सळईच्या आड येणारे कोपरे उरतात. सळई वाकवून, जागा बदलून ते साधावे लागतात.

आतल्या कोटिंगचा विचार त्यानंतर, आणि तोही इथेनॉलला टिकणाऱ्या कोटिंगचा. सुट्या गंजावर चढवलेला थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि कॉकच्या जाळीत जाऊन बसतो. टाकी गाडीवर चढवल्यावर नळीत पारदर्शक फिल्टर बसवावा आणि पहिल्या दोन-तीन टाक्या पेट्रोल संपेपर्यंत त्यात तांबूस कण जमतात का, ते पाहत राहावे.