जिम स्टाइन्सनं मेलबर्नचं विजेतेपद घालवलं नव्हतं

एक प्रेरणादायी गोष्ट वरचेवर फिरून येते. डब्लिनचा जिम स्टाइन्स, फुटबॉलचा गंध नाही, तिथला वेगळ्या नियमांचा फुटबॉल खेळायला ऑस्ट्रेलियाला जातो, एका चुकीनं आपल्या मेलबर्न क्लबचं विजेतेपद घालवतो आणि मग नुसत्या घामाच्या जोरावर देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरतो. तात्पर्य: अंगात काही नसलं तरी चालतं. माणूस खरा, घामही खरा. बाकीचं मात्र पचत नाही.

म्हणे फुटबॉलचा गंध नव्हता! 1984 मध्ये स्टाइन्स डब्लिनच्या कुमार संघाकडून गेलिक फुटबॉलचं, म्हणजे आयर्लंडच्या स्वतःच्या फुटबॉलचं, अखिल आयर्लंड विजेतेपद जिंकून बसला होता. उंच उडी मारून चेंडू झेलणं, पळता पळता तो मुठीनं साथीदाराकडे ढकलणं, हे सगळं त्या खेळात आहेच. म्हणून तर रॉन बारासी कोच असताना मेलबर्न क्लबनं आयर्लंडमध्ये जाहिरात देऊन पोरं हेरली. नवा होता तो ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा लंबगोल चेंडू. गोल चेंडू टप्पा घेऊन मुकाट्यानं हातात येतो. हा टोकावर पडला की कुठे उडेल याचा नेम नाही. तो हाताला बसेपर्यंत स्टाइन्स खालच्या संघांतून खेळला, 1986 मध्ये प्राहरान क्लबाकडूनही. मुख्य संघात आला 1987 मध्ये. ही मधली वर्षं गोष्टीत अर्ध्या ओळीत उरकतात. मेहनत शोधायची तर ती तिथेच आहे की!

आता ती चूक. 1987, वेव्हर्ली पार्कचं मैदान, समोर हॉथॉर्न क्लब. सामना फायनलचा नव्हे, त्याच्या आधीचा. मेलबर्न चार गुणांनी पुढे, हॉथॉर्नच्या गॅरी बकनाराला फ्री किक. किक घेणारा आणि त्याच्यासमोर उभा राहिलेला खेळाडू यांच्यामधून स्टाइन्स पळत गेला. नियम मोडला, दंड म्हणून किक गोलच्या 15 मीटर जवळ आली आणि वेळ संपल्याचा भोंगा वाजल्यानंतरच्या त्या किकवर गोल झाला. हॉथॉर्न 80-78 नं जिंकलं. मेलबर्नचे तेव्हाचे कोच जॉन नॉर्दी त्याला फैलावर घेताना कॅमेऱ्यात दिसतात.

चूक होतीच, पण धावफलक पुरता वाचा. मेलबर्नचे 10 गोल आणि 18 बिहाइंड. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू गेला तर 6 गुण, बाजूच्या फटीतून गेला तर 1. म्हणजे संघाचे अठरा प्रयत्न एकेका गुणावर गेले, आणि खापर फुटलं एकाच डोक्यावर. शिवाय फायनल बाकीच होती. तीत कार्ल्टननं याच हॉथॉर्नला हरवलं. पुढच्या वर्षी मेलबर्न खरोखर फायनलला पोचलं, तेव्हा हॉथॉर्ननं 96 गुणांनी धुतलं. तिथे कुणी कुणाच्या मधून पळालं नव्हतं.

'नुसती मेहनत' म्हणायचं, तर 199 सेंटिमीटर उंची घामानं येत नाही. ती त्याला रकमन करून गेली, म्हणजे पंचानं चेंडू उडवला की झेप घेऊन तो साथीदाराकडे वळवणारा. पण उंच रकमन प्रत्येक क्लबात असायचा. चेंडू टोलवून दम खात थांबण्याऐवजी स्टाइन्स त्याच चेंडूमागे मैदानभर पळायचा, पास मागायला पुन्हा हजर. प्रतिस्पर्धी रकमनला हे झेपत नसे. 1991 च्या ब्राउनलो पदकामागे, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या मानामागे, हे पळणं आहे.

1987 पासून सलग 244 सामने. मालिका तुटली 1998 मध्ये, हात मोडला म्हणून. त्याच वर्षी तो निवृत्त झाला.