घरच्या वायरीने आवाज मरतो म्हणे!

‘घरी केलेल्या वायरींनी आवाज मरतो. इलेक्ट्रिकची वायर 50 हर्ट्झच्या विजेसाठी असते, संगीतासाठी नव्हे. उंच सूर वायरीच्या पृष्ठभागावरूनच वाहतात. ऑक्सिजन-फ्री तांबं हवं, दोन्ही स्पीकरच्या वायरी समान लांबीच्या हव्यात, घरच्या आरसीएला (उपकरणं अॅम्प्लिफायरला जोडणाऱ्या वायरीला) हम, म्हणजे सततची गुणगुण, येतो, आणि केबल शंभर तास वाजवून मुरवावी लागते.’ असा एक मेसेज स्टिरिओवाल्यांत फिरतो आहे. अडीच एमएमच्या (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाच्या) साध्या वायरीवर वर्षानुवर्षं गाणी ऐकणारा मी, तेव्हा उत्तर देणं आलं.

पहिला मुद्दा 50 हर्ट्झचा. वीज कशासाठी चालली आहे, हे तांब्याला कळत नाही. स्पीकरच्या वायरीत मुख्य प्रश्न रेझिस्टन्सचा, म्हणजे तार विजेला किती विरोध करते याचा. अॅम्प्लिफायरपासून स्पीकर पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबं लागतं, आणि अडीच एमएमच्या वायरीत त्याचा रेझिस्टन्स भरतो जेमतेम 0.08 ओहम. आठ ओहमच्या स्पीकरला त्याने आवाज घटतो तो 0.1 डेसिबलहूनही कमी. गाणं चालू असताना अर्धा डेसिबल ओळखणंही कठीण. आणि गंमत अशी, की त्याच स्पीकरच्या आत, थरथरणाऱ्या शंकूला (कोनला) चिकटलेल्या कॉइलमध्ये, केसासारख्या बारीक तारेचे कित्येक वेढे असतात. तिचा रेझिस्टन्स सहा ओहमच्या आसपास. तिच्याबद्दल मेसेज गप्प आहे. हां, अर्ध्या एमएमची दिव्याची वायर दहा मीटरवर नेऊ नका, ते खरोखर चुकेल.

सुटी वायर घेतलीत तर दोन पदर एकमेकांना पीळ देऊन ठेवा. दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, हे टोक ड्रिलच्या तोंडात धरायचं आणि सावकाश फिरवायचं. पदर एकमेकांपासून लांब राहिले की इंडक्टन्स, म्हणजे उंच सुरांना होणारा अडथळा, वाढतो. दोन्ही स्पीकरचं काम स्वस्तात होतं.

पृष्ठभागाची गोष्ट खरी आहे, पण रेडिओच्या लहरींसाठी महत्त्वाची. 20 किलोहर्ट्झला वीज तांब्यात साधारण 0.46 मिलिमीटर खोल शिरते आणि अडीच एमएमच्या वायरीची जाडी असते 1.8 मिलिमीटर. तिथे 0.08 चे फार तर 0.1 ओहम होतील.

ऑक्सिजन-फ्री तांब्याचं म्हणाल, तर वायरीचं साधं तांबंही 99.9 टक्के शुद्ध असतं. वहनातला फरक एक टक्क्याच्या आसपास; म्हणजे पाच मीटरऐवजी पाच मीटर पाच सेंटिमीटर वायर लागली, एवढाच. खरी फसवणूक वेगळीच आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ‘स्पीकर वायर’ मागा. संशयास्पद स्वस्त आणि हलकं भेंडोळं हाती आलं तर ब्लेडने तार खरवडून पाहा. बाहेर लाल आणि आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. कथील चढवलेलं तांबं याच्या उलट, बाहेर पांढरं, आत लाल; ते चालेल, किंबहुना कोकणातल्या खाऱ्या हवेत तेच बरं. उघडी टोकं तिथे भांड्यासारखी कळकतात.

समान लांबी? एक वायर तीन मीटर, दुसरी आठ मीटर घ्या. सिग्नलला लागणारा उशीर सुमारे 25 नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात हवेतला आवाज मिलिमीटरचा शंभरावा भागही पुढे सरकत नाही. सोफ्यावर मान वळवली तरी यापेक्षा जास्त फरक पडतो.

हमच्या आरोपात मात्र तथ्य आहे. आरसीएसाठी शिल्ड, म्हणजे तारांभोवती धातूच्या जाळीचं आवरण, असलेलीच वायर हवी. मी मायक्रोफोनची दोन कोअरची (आत दोन तारा असलेली) वापरतो: एक कोअर सिग्नलला, दुसरा ग्राउंडला, शिल्ड फक्त एकाच बाजूला ग्राउंडवर. माझी पहिली जोडी गुणगुणली होती, आणि दोष तांब्याचा नसून माझ्या हाताचा होता. पिन नीट न तापवता डाग दिला होता, जोड ड्राय, म्हणजे कच्चा, राहिला होता. आधी पिन आणि तार तापवा, कथील मग आपोआप वितळून पसरतं. तरीही हम राहिला तर सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून पाहा. पुष्कळदा भानगड दोन वेगळ्या अर्थिंगची असते आणि ती महागड्या केबलनेही सुटत नाही. अर्थिंगची पिन मात्र कापू नका. टर्नटेबलची (रेकॉर्ड प्लेयरची) वायर आखूड ठेवा, कारण तिथे केबलचा कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याचा गुण, खरंच ऐकू येऊ शकतो.

राहिलं मुरवणं. शंभर तासांत मुरतो ऐकणाऱ्याचा कान, आणि तोवर केबल परत करायची मुदतही बहुधा संपलेली असते. पटत नसेल तर घरातल्या कुणाला तरी, तुम्हाला न सांगता, वायरी बदलायला लावा, आवाजाची कळ आहे तिथेच ठेवा आणि कोणती वायर वाजते आहे ते ओळखून दहा वेळा वहीत उत्तर लिहा. फक्त दर वेळी अॅम्प्लिफायर बंद करून. दोन तारा चिकटल्या तर आउटपुटचा ट्रान्झिस्टर जातो, आणि मग स्वस्तात भागत नाही.